दुसरी ओळ दोनदा

हसुरामनं तबल्यावर शेवटचा धा टाकला आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी पेटीच्या भात्याकडे पाहिलं.

त्या जागी मंडपातल्या लोकांच्या तोंडून ‘वा’ निघायला हवा होता. निघाला नाही. माझी पेटी तेवढी चालू होती, आणि ती दुसऱ्या ओळीवर होती — म्हणजे त्याचा धा समेवर पडलाच नव्हता. अर्ध्या वाटेवर पडला होता.

ह्यांनी — माझ्या नवऱ्यानं, हसुरामच्या गुरूनं — पुढे वाकून त्याच्या डग्ग्यावर हात ठेवला. भर बैठकीत गुरूनं शिष्याच्या वाजत्या डग्ग्यावर हात ठेवणं म्हणजे काय, ते तबला शिकलेल्या माणसाला विचारा. त्यापेक्षा थोबाडीत बरी.

हसुराम हळूच म्हणाला, “मास्तर, मी बराबर आलो होतो.”

“मग पेटी चुकली म्हणतोस?” हे म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “घड्याळ चुकेल, हिची पेटी चुकायची नाही. आधी मोजायला शीक.”

त्यानं पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी भात्याची कडी लावत होते. लागलेली कडी काढली आणि परत लावली.

“नाय,” तो म्हणाला. “मीच चुकलो असन.”

हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, देवाला सांगायची मला सवय नाही. गेल्या वैशाखात एकाला सांगितलं, आता तुम्हाला सांगते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. हे कागदावर उतरवताना नातीची मदत घेतली आहे. तिला बजावलंय — शब्द नीट कर, गोष्ट नीट करू नकोस.

आधी एक सांगून टाकते. माझं बरं चाललंय. गुडघे सोडले तर तक्रार नाही. नवीन पनवेलला मुलीकडे राहते, चौथ्या मजल्यावर वारा येतो, जावई बोलायला सरळ आहे. या गोष्टीनं माझी झोप उडाली, असं लिहिलं तर ते खोटं होईल. झोप मला नेहमीच चांगली लागली. मग आता कशाला सांगायचं? — ते पुढे येईल.

आमचे हे सकाळी शाळेत चित्रकला शिकवायचे, म्हणून गाव त्यांना मास्तर म्हणायचं. खरे ते तबल्याचे. जुन्या पनवेलात तलावाजवळ आमच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत तबला, मागच्या खोलीत आम्ही. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, ह्या माणसाला दोन बायका आहेत आणि मी धाकटी. काही चुकीचं नव्हतं ते.

तबला वाजवणाऱ्याला रियाजाला लेहरा लागतो. लेहरा म्हणजे पेटीवर एकच लहानशी चाल, सोळा मात्रांची, पुन्हा पुन्हा तीच. पहिली ओळ आठ मात्रांची, दुसरी आठांची. पहिल्या ओळीचा पहिला सूर, ती सम. तिथून निघायचं आणि फिरून तिथेच यायचं. तबलजी त्यावर काय वाटेल ते करतो — आडवा जातो, तिरपा जातो, दुप्पट पळतो — पण पेटीनं हलायचं नाही. हे म्हणायचे, लेहरा म्हणजे भिंत. भिंतीनं नाचायचं नसतं.

पेटीवाला रोज कुठून येणार? म्हणून ह्यांनी मला बसवलं. चुलीवरून उठवून बसवायचे. पहिले काही महिने मी रडले, कारण उजवा हात सुरांवर आणि डावा भात्यावर, आणि मनात सोळा — हे तिन्ही मला एका वेळी जमेना. पुढे जमलं. मग इतकं जमलं की मुलगी मांडीवर दूध पीत असायची आणि लेहरा चालू असायचा. चंद्रकंस रागातला तो, असं हे सांगायचे. मला राग-बिग कळत नाही. मला ती दोन ओळींची वाट ठाऊक होती, आणि त्या वाटेवर मी डोळे मिटून चालायची.

आयुष्यात माझं कौतुक कशाचंच झालं नाही. रूप बेताचं, स्वयंपाक बरा, तोंड फटकळ. पण लेहऱ्यासाठी लोक माझं नाव घ्यायचे. मुंबईहून कुणी वाजवायला आलं की मास्तरांच्या बायकोला बसवा म्हणायचे. ‘घड्याळ’ हे नाव मला ह्यांनीच दिलं. ते नाव मला आवडायचं. किती आवडायचं? — ते या गोष्टीवरून कळेल.

हसुराम आला तेव्हा बाविशीतला, लग्न झालेला गडी होता. उलव्याकडचा. आता तिथे विमानतळ आणि उंच इमारती. तेव्हा खाडी, शेती आणि मिठागरं. घरचं मिठागर होतं. भजनात आणि लग्नात ढोलकी वाजवायचा आणि तबला शिकायचा म्हणून सायकल मारत पनवेलला आला. बोटं मिठानं फुटलेली. ह्यांनी ती बोटं उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाले, ढोलकी विसरायला दोन वर्षं लागतील, शिकायचं त्यानंतर. त्याला वाटलं, हाकलताहेत. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. मी म्हटलं, आता हा काही जात नाही.

पहिलं वर्ष नुसता ‘ना’. तर्जनीनं तबल्याच्या कडेवर मारायचा, असा की टणत्कार निघाला पाहिजे आणि बोट लगेच सुटलं पाहिजे. खोबरेल लावून बसायचा, तरी भेगांतून रक्त यायचं. मग ‘तिं’. मग दोन्ही हात. हे एकच कायदा — म्हणजे बोलांची एक ठरलेली बांधणी — महिनोन्‌महिने घोटून घ्यायचे. आधी इतका सावकाश की मला पेटीवर जांभया यायच्या. मग दीडपट, मग दुप्पट. हातानं घाई केली की ह्यांचं ठरलेलं वाक्य — गाडी पकडायची आहे का? पावसाळ्यात मिठागर बंद, म्हणून तो दिवसभर आमच्याकडे. आणि पावसाळ्यातच पनवेलच्या दमट हवेनं तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, सैल पडायची. मी तबले माझ्या जुन्या लुगड्यांत गुंडाळून चुलीजवळच्या फळीवर ठेवायची, आणि हे दोघं येऊन त्यांची विचारपूस करायचे, बाळंतिणीची करावी तशी.

मोजणं शिकवायची ह्यांची एक रीत होती. मी लेहरा धरायचा. हसुरामनं ठेका सोडून उठायचं, मागच्या विहिरीवर जायचं, पोहरा ओढून तोंड धुवायचं आणि परत येऊन बरोबर समेवर धा मारायचा. मधे पेटी नीट ऐकू यायची नाही. मोजणं बोटात नको, पोटात हवं, असं हे म्हणायचे. सुरुवातीला तो कुठेही येऊन पडायचा आणि आम्ही तिघं हसायचो. मग समेच्या आसपास यायला लागला. मग समेवरच. ओल्या तोंडानं येऊन, बसता बसता धा. एकदा हे मला आत येऊन म्हणाले, हा माझ्यापुढे जाईल. असं ते दुसऱ्या कुणाबद्दल बोलले नाहीत. तबला वाजवणाऱ्या स्वतःच्या भावाबद्दलही नाही.

म्हणून ठरलं की त्याला गंडा बांधायचा. गंडा म्हणजे गुरूनं शिष्याच्या मनगटाला दोरा बांधायचा, चणे-गूळ खाऊ घालायचा. दोरा बांधला की तो घरचा झाला. मग गुरूनं हात राखून ठेवायचा नाही, आणि शिष्यानं म्हातारपणी गुरूला सोडायचं नाही. ह्यांच्या गुरूंनी ह्यांना गंडा बांधला तेव्हा काही जुन्या रचना दिल्या होत्या, आणि सांगितलं होतं — ज्याला दोरा बांधशील त्यालाच दे. हे त्या रचना कधी तबल्यावर वाजवायचे नाहीत. तोंड मिटून मांडीवर बोटं चालवायचे. मी रोज शेजारी असून त्यातला एक बोल माझ्या कानांवर पडला नाही.

दिवस ठरला ह्यांच्या गुरूंच्या पुण्यतिथीचा. देवळाच्या सभामंडपात बैठक. हसुरामनं आधी एकट्यानं वाजवायचं, चार जाणत्यांनी ऐकायचं, मग दोरा. मुंबईहून ह्यांचे थोरले गुरुबंधू यायचे होते. त्यांना सगळे दादा म्हणायचे. त्यांना उशीर झाला, म्हणून सुरू केलं. थाळी मी सजवली होती — लाल-पिवळा दोरा, भिजवलेले चणे, गूळ.

हसुराम फार चांगला वाजवत होता. हे मी आता म्हणत नाही, तेव्हाही कळत होतं. त्याच्या हातांतला ढोलकीचा धबधबा गेला होता, पण जोर राहिला होता. शेवटी त्यानं चक्रदार घेतली. एकच लांब तुकडा तीन वेळा वाजवायचा आणि तिसऱ्या वेळचा शेवटचा धा समेवर आणायचा. चक्रदार सुरू झाली की तबलजी खाली बघतो, पोटातलं मोजतो. पेटी त्याला शेवटी भेटते.

आणि मधेच दादा आले.

मंडपात गडबड झाली. लोक उठले, वाट दिली, कुणी नमस्काराला वाकलं. हे हातानं ताल देत बसले होते, तेही उठले आणि दादांच्या पाया पडले. हसुरामनं मान वर केली नाही. आणि मी — मी मान वर केली. दादांनी मला पाहावं असं मला वाटलं. मागच्या खेपेला त्यांनी माझ्या लेहऱ्याला नावाजलं होतं. मी त्यांच्याकडे पाहून हसले, पदर सारखा केला — डावा हात एक क्षण भात्यावरून उचलला, परत टेकवला — आणि दुसरी ओळ संपल्यावर पहिली घ्यायच्या ऐवजी पुन्हा दुसरीच घेतली.

माझ्याकडून झालं ते. बोट पडल्या पडल्या कळलं.

चुका होतात. एवढंच असतं तर मी हे लिहायला बसले नसते. पण ती दुरुस्त करता येत होती. तीच ओळ लगेच आणखी एकदा वाजवली असती तर पेटी जागेवर आली असती. पण तीच ओळ तीनदा — ते कुणालाही ऐकू आलं असतं. दादांना नक्की. दोनदा वाजलेली गडबडीत बुडून गेली होती. मी माणसांकडे पाहिलं. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ह्यांनी खाली बसून पुन्हा ताल धरला, तो माझ्या पेटीवरून धरला. दादांनीही. सगळ्या मंडपात खरी सम एकट्या हसुरामच्या पोटात होती. आणि मी ठरवलं — हो, ठरवलं, एवढा वेळ होता — की असंच पुढे जायचं.

मग त्याचा धा पडला. पुढचं तुम्हाला सांगितलंच आहे.

हे ‘घड्याळ चुकेल’ म्हणाले तेव्हा मला काय वाटलं? लाज वाटली असं लिहावं, असं नातीचं मत आहे. लाज नाही वाटली. बरं वाटलं. दादांच्या समोर, सगळ्या लोकांत, माझ्या नवऱ्यानं माझं नाव घेतलं होतं. हसुरामचं तोंड पडलं होतं आणि मला बरं वाटत होतं. दादा म्हणाले, होतं असं, पुढच्या वर्षी बांधू. दोरा थाळीतच राहिला. चणे वाया जायला नकोत म्हणून संध्याकाळी मी उसळ केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोरीपाशी जवळा निवडत होते. हे चहा घेऊन आले, उभेच राहिले. हा माणूस शाळेत जायच्या वेळी कधी मोरीपाशी येत नसे. मग विचारलं, “काल तू तर कुठे सरकली नाहीस ना?”

“मी? नाही.”

विहिरीवर जाऊन समेवर येणारा माणूस बरोबर आठ मात्रा चुकतो, हे त्यांच्या गळी उतरत नव्हतं. पण माझ्या ‘नाही’वर त्यांचा तबल्याइतका विश्वास होता. “मग त्याचंच कच्चं आहे,” म्हणाले, आणि गेले. पुन्हा कधी विचारलं नाही.

चूक मंडपात झाली, पाप मोरीपाशी झालं. मी असंच समजते.

हसुराम परत आला. तुम्हाला काय वाटलं, रागावून गेला असेल? आला, आणि ह्यांनी त्याला तबल्याला हात लावू दिला नाही. समोर बसवलं, आणि नव्या मुलासारखं हातानं टाळी देत मोजायला लावलं. धा धिं धिं धा. टाळी, टाळी, खाली, टाळी. आणि लेहऱ्याला कोण? मीच. दिवसामागून दिवस मी पेटी वाजवायची आणि त्यानं माझ्या पेटीवर टाळ्या द्यायच्या, एवढ्या मोठ्या माणसानं. तो माझ्या हाताकडे एकटक बघत राहायचा. पोटातलं सोडून माझी बोटं मोजायचा. हळूहळू तो खरंच चुकायला लागला. साध्या ठेक्यात चुकायला लागला. आपलं मोजणं खोटं आहे असं ज्याला पटतं, त्याला काय उरतं? हे आत येऊन म्हणायचे, बघ, म्हणजे मुळातच कच्चा होता. मी हूं म्हणायची.

त्या दिवसांत एकदा तरी सांगता आलं असतं. रोज सांगता आलं असतं. मिठाचा हंगाम सुरू झाला तसा तो येईनासा झाला. ह्यांनी काही दिवस वाट पाहिली, मग त्याचं नाव घेणं सोडलं.

पुढे ह्यांनी कुणालाच गंडा बांधला नाही. शिष्य पुष्कळ झाले, नोकरी सांभाळून वाजवणारे, गणपतीत वाजवणारे. दोऱ्याचा विषय निघाला की म्हणायचे, एकदा घाई केली होती. शेवटच्या आजारात अंथरुणावर पडल्या पडल्या मांडीवर बोटं चालायची. मी पाय चेपत बसायची आणि ती बोटं बघायची. मग ती थांबली. त्या रचना कुणाकडे नाहीत. लोक म्हणतात, मास्तरांनी विद्या लपवली. त्यांनी नाही लपवली.

आता मुलं मोबाईलवर लेहरा लावून रियाज करतात. आमच्या इमारतीत एक जण आहे, त्याचा ऐकू येतो. तो लेहरा चुकत नाही. कौतुकाची हौस नसली की चुकत नाही.

गेल्या वैशाखात मुलीच्या मैत्रिणीकडे हळदीला उलव्याला गेलो. मैत्रीण हसुरामच्या घरची सून निघाली, हे मला दारात कळलं. आधी कळलं असतं तर गेले असते का? — नसते गेले. तीन मजली घर, दारात दोन गाड्या, मांडव रस्त्यापर्यंत. हसुराम आता म्हातारा, पांढरी मिशी, पोट. मला ओळखलं. “काकी, लय बारीक झाल्या,” म्हणाला, आणि सुनेला म्हणाला, “या आमच्या मास्तरीणबाय. यांच्या हातचा चा पिऊन मी मोटा झालो.” सगळ्यांना हाका मारून मला दाखवत होता. त्याला मला पाहून आनंद झाला होता. खरा आनंद.

मला पंख्यापुढे खुर्ची दिली आणि शेजारी तो बसला. बेंजो पार्टी वाजत होती, आवाज असा की छातीत धक्के बसावेत. त्याचा हात खुर्चीच्या प्लॅस्टिकच्या दांडीवर होता. बोटं ठेका धरत होती. म्हटलं, अजून आहे हातात. मग नीट पाहिलं. समेची जागा आली की बोटं दांडीवरून उचलली जायची. सम रिकामी सोडायचा आणि पुढच्या मात्रेपासून धरायचा. प्रत्येक वेळी. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत त्यानं एकदाही स्वतःहून धा टाकला नसेल, असं मला वाटलं. कुणाला दिसलं नसतं ते. मला दिसलं, कारण ती जागा मला ठाऊक आहे.

मी सांगायला तोंड उघडलं. बेंजोपुढे काय ऐकू येणार? तो कानाला हात लावून वाकला, मग म्हणाला, चला मागं. मागच्या बाजूला पाण्याच्या टाकीशी मटणाचं मोठं पातेलं चुलीवर होतं, आणि एक बाई कांदा कापत होती. तिला त्यानं पिटाळलं. मी उभ्यानंच सांगितलं. दादा आले, मी वर पाहिलं, दुसरी ओळ दोनदा वाजवली. तू चुकला नव्हतास.

त्यानं विचारलं, “कुटं? तुकडा पैल्यांदा चालू होता, का दुसऱ्यांदा?”

“दुसऱ्यांदा. शेवटाला.”

त्यानं अंगठा बोटांच्या पेरांवर ठेवला. ओठ हलत होते. इतक्या वर्षांनी ती आख्खी चक्रदार त्याला पाठ होती. मी उभी राहून त्याचा अंगठा पेरापेरावरून सरकताना पाहत होते. मधे एकदा थांबला, मागे आला, पुन्हा निघाला. मग अंगठा थांबला.

“आलो होतो,” तो म्हणाला.

“आला होतास.”

“मास्तरांना ठावं होतं?”

“नाही. त्यांनी मला विचारलं होतं. मी नाही म्हटलं.”

तो टाकीच्या कठड्यावर बसला. मला वाटलं, आता शिव्या देईल. द्याव्यात, असंही वाटलं. पण त्यानं हात गुडघ्यांवर ठेवले.

“माजं सोडा, काकी,” म्हणाला. “माजं घर झालं, पोरं मार्गी लागली. तबल्यानं मला पोसलं नसतं. पन मास्तर गेले तवा मी आलो होतो. तुमी नाय बघितलं. गल्लीच्या टोकाला उभा होतो. समदे खांदा देत होते. माजी हिंमत नाय झाली. म्हटलं, आपुन काय शिष्य नाय.”



पातेल्यातलं मटण रटरटत होतं. मी माफी मागितली नाही. मागितली असती तर त्याला दारातल्या पाहुणीला काहीतरी बरं बोलावं लागलं असतं, आणि तेही मी त्याच्याकडून काढून घेतलं असतं. तो उठला, झाकण सरकवून डावानं मटण हलवलं, कांदावालीला हाक मारली. मग सुनेला म्हणाला, काकींना आत बसवून वाढ, भाईर गर्दी हाय. स्वतः मांडवात गेला. पुन्हा माझ्या शेजारी येऊन बसला नाही. निघताना दारात आला, मुलीशी बोलला, रिक्षा बघून दिली. माझ्याशी बोलला नाही.

मी जेवले होते. जेवण चांगलं होतं. घरी येऊन झोपले, झोपही लागली.

देवळाचा तो मंडप पाडून आता नवा बांधला आहे. दादा मुंबईत वारले. हे गेले. त्या दिवशी पुढच्या रांगेत बसलेल्या जाणत्यांपैकी कुणी राहिलं नाही. त्या बैठकीतला हसुराम आहे, आणि मी आहे. मी गेले की तो बरोबर आला होता हे सांगणारं दुसरं कुणी उरणार नाही, म्हणून हे कागदावर.